उजवा कौल

विद्यापीठात मी वित्तशास्त्र शिकवते, त्यातही जोखीम. अनिश्चिततेत निर्णय कसा घ्यावा, हे पोरांना सांगता सांगता केस पांढरे झाले. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा माझीच बोबडी वळली.

मला अधिष्ठाता व्हा म्हणत होते. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. मान मोठा, पण वर्ग सुटणार. उरणार त्या बैठका, तपासण्या आणि रुसलेल्या प्राध्यापकांची मनधरणी. मला ते पद अजिबात नको होतं. पण नको म्हणायची हिंमत होत नव्हती, कारण पोलादपूरजवळच्या आमच्या गावात आईने आधीच डंका पिटला होता. महाडच्या एसटी स्टँडवर उतरले, तर फळवालासुद्धा म्हणाला, "अभिनंदन, मॅडम!" असा राग आला आईचा!

घरी पोचल्यावर आई म्हणाली, "उद्या देवीला कौल लावू." म्हणजे ओल्या पाषाणावर दोन्ही बाजूंना फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. जोखमीवर पुस्तकं लिहिणाऱ्या बाईचा निर्णय पाकळ्यांवर! मी फणकारले. तरी गेले, आणि खरं सांगते, वाटभर मनात घोकत होते, देवी, डावी पडू दे.

गुरवकाकांनी पाकळ्या लावल्या. ते गाऱ्हाणं घालणार, तोच आईने त्यांना थांबवलं आणि स्वतःच हात जोडले.

"देवी, माजी लेक ती मोठी खुर्ची घेत नाय. तुला चालत आसंल तर उजवी दे."

मी बघतच राहिले. "तुला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला लागतंय गो? वर्गातलं बोलाया लागलीस की फोन ठेवत नायस. खुर्चीचं इचारलं की लगेच म्हनतेस, आई, जेवलीस का?"

माझे डोळे भरून आले. कितीतरी दिवसांनी छाती भरून श्वास घेतला.

"मग कौल कशाला लावलास?"

"गावाला काय सांगू? समद्यांना मीच सांगून बसलेय. आता देवीनंच नको म्हनलं तर कोन बोलनार हाय?"

आमच्या विद्यापीठात समित्या नेमतात त्या याचसाठी. मला हसू आलं. पण पाकळ्या काही हलेनात. उलट डावी जराशी सरकल्यासारखी वाटली.

"आई, डावी पडली तर?"

"पडू दे," आई पाषाणावरची नजर न काढता म्हणाली. "परत लावू."

गुरवकाकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. थोड्या वेळाने उजवी पडली. देवळाच्या पायरीवरूनच मी नकार कळवून टाकला.

सोमवारी नेहमीचा तास घेतला. संपल्यावर आईला फोन लावला, आणि बराच वेळ ठेवला नाही.