जंताच्या गोळीआधी सांगितलेली गोष्ट

कुरुंद्यात आशाताईंनी आमच्या धाकटीला दारातच जंताची गोळी चावून खायला लावली आणि मला म्हणाल्या, "दादा, पोटात जंत जास्त असले तर जरा पोट दुखंल, मळमळंल. घाबरू नका, थोड्या वेळानं थांबतं. न्हाई थांबलं तर मला फोन करा."

तासाभरात लेक पोट धरून ओकली. मी आधी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. धुरानं घरभर ठसका लागला, लेक मात्र कण्हतच होती. मग गल्लीतल्या लेकरांना गोळी देऊ नका, असं ओरडत सांगायला निघालो. माझा आवाज म्हणजे गावचा भोंगाच.

बायकोनं दंड धरला. "काहून बोंबलून राहिले? ताईनं तुमालाच सांगितलं न्हाई का?" तिनं लेकीला पाणी पाजलं, आडवं केलं. थोड्या वेळानं लेक उठून भाकर मागू लागली.

संध्याकाळी ताई विचारपूस करायला आल्या. गोळीनं काय होऊ शकतं हे त्यांनी लपवलं नाही, म्हणून गल्लीतल्या लेकरांची गोळी माझ्या भोंग्यापायी चुकली नाही. मी मनापासून हात जोडले. म्हणालो, "उद्या तुमच्यासंगं येतो, लोकांना समजावून सांगतो."

ताई हसल्या. "या दादा. पण रंगवून नका सांगू, जेवढं होतं तेवढंच सांगा."