तिसऱ्या मजल्यावरची खिडकी

चौकातल्या तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींना आपल्या खिडकीचा भारी अभिमान. फार वर्षांपूर्वी कुणा फोटोग्राफरने याच खिडकीतून खालच्या रस्त्याचा फोटो काढला होता आणि तो शहरावरच्या पुस्तकांत छापून आला होता. माप द्यायला आलेल्या बाईला ही हकिगत ऐकल्याशिवाय टेप लागत नसे. "तेव्हा आम्ही इथं राहत नव्हतो," एवढं वाक्य मात्र मावशी घाईघाईत उरकत.

एका सकाळी त्या जुन्या फोटोची प्रत घेऊन एक मुलगी दारात उभी राहिली. जुने फोटो जिथून काढले, तिथूनच आजचं शहर टिपायचं, असं तिचं काम होतं.

"मावशी, हे मशीन जरा सरकवता येईल?"

मावशींनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने नवऱ्यालाच घराबाहेर काढायला सांगितलं होतं. खरं तर नवऱ्याबद्दल त्यांनी एवढा विचार केला नसता. शेवटी मुलगी स्टुलावर चढली आणि मशीनवरून वाकून फोटो काढू लागली.

तिला हवा तसा उजेड मिळेना, म्हणून ती रोज येऊ लागली. मावशी तिच्या खांद्यामागून सूचना देत. "तो टोपीवाला घे. नको, तो उगाच ऐटीत चालतो. थांब, बेकरीवाली येईल आता."

कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले मावशींचे यजमान, काका, एकदा म्हणाले, "खिडकी तुझी, सूचना तुझ्या. पण फोटोत तू कुठंयस?"

दुसऱ्या दिवशी मुलगी आल्यावर मावशी ठेवणीतले कपडे घालून, पावडर लावून बाहेर आल्या. "दोरे आणते," म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

खाली फुटपाथवर त्या पासपोर्टच्या फोटोसाठी उभ्या राहाव्यात तशा ताठ उभ्या राहिल्या.

"मावशी, सहज चाला," वरून मुलगी म्हणाली.

जन्मभर चालत आलेल्या मावशी सहज कसं चालतात तेच विसरल्या. उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे जाऊ लागला. त्यांनी कोपऱ्यापर्यंत दोन-तीन खेपा मारल्या, तेव्हा किल्ल्या बनवणाऱ्याने विचारलं, "काही हरवलंय का?"

"नाही हो. सहज चालतेय."

तेवढ्यात त्यांची नजर वर गेली. मुलीशेजारी काकाही मजा बघायला खिडकीत आले होते. म्हणजे स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं. मावशींनी हात उंचावला आणि धावत्या पावलाने रस्त्यात येत ओरडल्या, "अहो, दूध ठेवलंय गॅसवर!"

मुलीने नेमका तोच क्षण टिपला. दूध गेलं ते गेलंच.

प्रदर्शनात तो फोटो भिंतीच्या मधोमध होता. एक गृहस्थ बायकोला समजावत होते, "बघ, किती घाईत आहे ही बाई. टॅक्सीला हात करतेय."

काका हळूच म्हणाले, "सांगू का त्यांना, दुधाचं?"

"गप्प बसा. टॅक्सीनं हिंडणारी दिसतेय, तर दिसू दे."

गृहस्थ पुढे सरकल्यावर मावशी फोटोच्या अगदी जवळ गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग काकांच्या कानाशी पुटपुटल्या, "एवढं सगळं केलं, आणि पायात घरातल्या चपला."

"कोण बघतंय पायांकडे?" काका म्हणाले.

"मी बघतेय ना," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा फोटोत डोकावल्या.