विहिरीवरची घागर

दमणं काय असतं ते बाबलीला विचारा. मेडिकल कॉलेजात शिपाई, तोही शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये. टेबलं धुवायची, दान आलेले देह औषधाच्या टाकीत सांभाळायचे, पोरं जमली की चादर बाजूला करायची. त्या औषधाचा वास नाकात असा बसलेला की ताटातल्या बांगड्याच्या तिखल्यालाही तोच वास. दर वर्षी नव्या पोरांपुढे शर्मिला मॅडमचं तेच सुरू व्हायचं: आधी हाडं, त्यांवर स्नायू, मग श्वसनसंस्था, पचनसंस्था, रक्ताभिसरण. एखादं पोर भोवळ येऊन पडायचंच. त्याला उचलून पाणी पाजणार कोण? बाबलीच, दुसरं कोण!

एवढं करून घरी यावं, तर त्याची आई आनंदीबाई उंबऱ्यावर उभी. "मढ्याक लागान इलस मां? आधी विहिरीर!" पाऊस असो, अंगात ताप असो, मढ्याला शिवून आल्यावर आंघोळीतून सूट नाही. विहिरीवर ऊन पाण्याची घागर मात्र तिनेच आणून ठेवलेली, अंगाला सोसेल इतकी. तरी बाबली धुसफुसायचा. दिवसभर मेलेल्यांची सेवा करा आणि आपल्याच घरात विटाळ व्हा! अगदी विटून गेला होता बिचारा.

आणि गंमत बघा, जेवताना तीच विचारणार, "आज काय शिकवल्यांनी?" आतडं उलगडलं तर अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल म्हटल्यावर ती तोंडाला पदर लावून हसली होती. एकदा मात्र हळूच म्हणाली, "आणि तू खंय रवलेलस रे, माझ्या पोटात?"

बाबलीने ओटीपोटावर मूठ ठेवली. "हयसर. जागा इतकीच असता, आये."

"इतकीच?" तिला काही पटेना.

गेल्या पावसाळ्यात तिने अंथरूण धरलं, तेव्हा एक दिवस म्हणाली, "माका जाळू नको. थंयच दी. तू आसस मां थंय."

बाबली हबकला. भांडला, रडलासुद्धा. ज्या टेबलावर रोज पाणी मारायचं, त्याच्यावर आई? पण म्हातारी ऐकेल तर शपथ! ती गेली आणि त्याने तिचा शब्द पाळला. मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या कॉलेजात पाठवू या, बाबली. तुम्हाला बघवणार नाही."

"तिने माझ्याकडेच यायचं म्हटलंय, मॅडम."

काही महिन्यांनी स्त्रीच्या प्रजननसंस्थेचा तास आला. मॅडमनी रजा घ्यायला सांगितली, तरी तो आला. आईवरची चादर त्यानेच बाजूला केली. पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

"हे गर्भाशय," मॅडम म्हणाल्या. "यात मूल वाढतं."

"एवढंसंच?" एक मुलगी म्हणाली.

बाबली भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तास संपल्यावर त्याने चादर ओढली, आईच्या पायांखाली नीट खोचली आणि टेबलाखालची फरशी पुसून काढली.

संध्याकाळी पाय ओढत घरी आला. सासूची रीत आता त्याची बायको शेवंती चालवत होती. घागर विहिरीवर तयार होती. बाबली घागरीपाशी थांबला, वाफेकडे बघत राहिला, मग सरळ उंबऱ्याकडे चालू लागला.

"अवो, खंय चाललात?" शेवंती ओरडली. "मढ्याक लागान इलात मां?"

"नाय गो," तो म्हणाला. "आज आयेक लागान इलंय."

आणि तसाच घरात गेला.