धोतराच्या पंखांचं विमान

आमचं विमान गाईने खाल्लं, ही गोष्ट खरी आहे. पण ते उडलंच नव्हतं, असं जे आमचे व्याही बारडोलीभर सांगत फिरतात, ते खोटं आहे. म्हणून हे लिहायला बसलो. शाळेत मी तिसरीपर्यंत गेलो, त्यापुढे शाळा काही माझ्याकडे आली नाही. त्यामुळे काना-मात्रा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या. विमानाच्या बाबतीत मात्र मी काही इकडेतिकडे करणार नाही.

मूळ मी अमळनेरकडचा. पण सगळी हयात सुरतेत पॉवरलूमवर गेली. डिंडोलीत घर आहे. घरात मुलगा हेमंत, तो हजीऱ्याला कंपनीत जातो. सून ज्योती. आणि आमची मंडळी, सिंधू. कारखान्यात माझ्या आवाजाने माग बंद पडायचे. (निदान कारागीर तरी दचकायचे.) घरात तिच्या आवाजाने मी बंद पडतो.

हेमंतला विमानांचा नाद. खरी नव्हेत, छोटी. हातातल्या रिमोटवर चालणारी, बॅटरीवर उडणारी. तो ती स्वतः बनवतो. बिस्किटासारखं हलकं लाकूड आणतो, ब्लेडने पट्ट्या कापतो, एकेक चिकटवतो आणि श्वास रोखून बघत बसतो. मी म्हणायचो, "लग्न झालेला माणूस तू, खेळणी कसली करतोस?" मग एका रविवारी तो मला गावाबाहेरच्या मैदानावर घेऊन गेला. विमान माझ्या डोक्यावरून असं सूं करून गेलं की टोपी पडली. परत येताना टोपी मी हातातच धरली होती. दारात आल्यावर म्हटलं, "मला एक करायचंय. आणि तू हात लावायचा नाही."

त्याने मला एका जुन्या विमानाचं धड दिलं. मोटर, शेपूट, आतली तारांची भानगड सगळी शाबूत, फक्त पंख मोडलेले. पंखांचा सांगाडा मी केला. बरगडीला बरगडी लावून असा सरळ केला की हेमंतने पट्टी लावून बघितली आणि परत ठेवून दिली. सिंधू म्हणाली, "माशाचा काटा दिसतोय." तिचं कौतुक असंच असतं.

आता राहिलं ते सांगाड्यावर आवरण चढवायचं. हेमंतने प्लास्टिकच्या पातळ कागदाची गुंडाळी आणून दिली. वरून इस्त्री फिरवायची, की चिकटून ताणला जातो म्हणे. मी ती गुंडाळी कपाटावर टाकून दिली. सुरतेत राहायचं, जन्मभर कापड विणायचं आणि पंखाला प्लास्टिक लावायचं? लोक काय म्हणतील?

इथे आमचे व्याही येतात. म्हणजे खरोखरच आले. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. आमच्या खानदेशात अखाजीला लेक माहेरी जाते आणि तिचा भाऊ मुराळी होऊन न्यायला येतो. ज्योतीला भाऊ नाही, म्हणून तिचे वडील, आमचे व्याही बापू, स्वतःच मुराळी होऊन येतात. साखर कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, पण बोलण्यात साखर औषधालाही नाही.

ते आले की आधी आमच्या झोपाळ्यावर बसतात. पडवीतला झोपाळा माझा आहे. पहिल्या कारखान्यातले जुने लाकडी माग मोडीत निघाले, तेव्हा त्यातलं सागवान निवडून मी त्याचा पाट करून घेतला. वर छताला टांगायला लांब पितळी कड्या. त्यावर घरातलं दुसरं कोणी बसत नाही. बापू बसतात, आणि उठत नाहीत. मी समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर, आणि पाहुणे माझ्या झोपाळ्यावर पाय हलवत! दर वर्षी म्हणतात, "आबा, असा झोपाळा आमच्या बारडोलीच्या घरात शोभला असता."

त्या दिवशी सकाळी चहा घेता घेता त्यांची नजर सांगाड्यावर गेली.

"हे काय, आबा? मांडवाची कमान?"

"विमानाचा पंख आहे."

"उडणार?"

"आज संध्याकाळी."

बापूंनी बशीतला चहा फुंकला. "आबा, राग मानू नका. हे नकाशे वाचणाऱ्यांचं काम. हेमंतरावांना करू द्या. तुम्ही आपले..." आणि त्यांनी हाताने मागाचा धोटा इकडून तिकडे फेकल्यासारखं करून दाखवलं.

माझ्या कानशिलापर्यंत ऊन चढलं. म्हटलं, "बापू, माझं विमान उडेल, एक फेरी मारेल आणि परत माझ्या हातात येईल."

"आणि नाही आलं तर?"

मी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. तोंडातून निघून गेलं, "तर हा झोपाळा तुमचा."

बापू झोपाळ्यावरून खाली न उतरता म्हणाले, "ज्योती, ऐकलंस ना गं?"

आतून सिंधूचा आवाज आला, "मी पण ऐकलं." म्हणजे आता मागे फिरायची सोय नव्हती.

त्याच दिवशी गच्चीवर कुरडयांचा घाट होता. गहू भिजवून, वाटून, गाळून सिंधूने पहाटेच चीक शिजवायला घातला होता. मोठं पातेलं, त्यात खदखदणारा पांढरा चीक, मीठ घातलेलं, तेलाचा हात लावलेला. मी गच्चीवर गेलो आणि त्या पातेल्याकडे बघून माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. कारखान्यात ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला कांजी लावतात. कांजी लावली की सूत कडक होतं, तुटत नाही. चीक म्हणजे काय? कांजीचा बाप!

कापड कोणतं? सुरतेत मिळतं ते बहुतेक पॉलिएस्टर, त्याला चीक धरणार नाही. सुती पाहिजे. सुती आणि पातळ असं घरात एकच कापड होतं. माझं धोतर.

चांगलं धोतर कापलं, जुनं नाही. विमानाला जुनं कशाला? सांगाड्यावर ओढून ताणलं आणि वरून चिकाचा हात फिरवला. एक हात बरा दिसला म्हणून दुसरा दिला. दुसरा सुकला तेव्हा असा खडखडीत वाजला की न राहवून तिसरा दिला. सिंधू सोऱ्या घेऊन वर आली आणि पातेल्यात डोकावली. रागावली की ती सरळ अहिराणीवर येते.

"मन्हा चीक कथा ग्या?"

मी पंखाकडे बोट दाखवलं.

"आते इमानले बी चीक खावाडतस का तुम्ही?"

"थोडाच घेतला."

"पाव्हण्यांसमोर बोलत नाही म्हणून," एवढंच म्हणाली आणि उरलेल्या चिकाच्या कुरडया पाडायला लागली. दरवर्षी गच्ची भरते. त्या दिवशी कोपरा भरला. गव्हाचा उरलेला चोथा तिने खाली नेऊन दारातल्या गाईला घातला. ही गाय गल्लीतल्या रबाऱ्याची, म्हणजे गुरं पाळणाऱ्याची. रोज सकाळी पहिल्या पोळीला आमच्या दारात हजर असते. त्या दिवशी चोथा तिला इतका आवडला की टोपलंही चाटून गेली. ही गोष्ट ध्यानात ठेवा. मी ठेवली नव्हती.

दुपारी हेमंत ड्यूटीवरून आला. पंख उचलला. परत खाली ठेवला.

"आबा, हा पंख आहे का पाट?"

"मजबूत आहे."

"जड आहे. तोल बघा, विमान मागे बसतंय."

मी मागाचा एक जुना नट शोधला आणि विमानाच्या नाकात बसवला. तोल झाला. हेमंतने कपाळावर हात मारला, पण दुसऱ्या हाताने बॅटरी जोडली. मुलगा चांगला आहे.

"आबा, मैदानावर जाऊ. इथे नको."

"इथेच. गल्लीच्या टोकाला मोकळा प्लॉट आहे. लोकांना दिसलं पाहिजे."

"मग एक लक्षात ठेवा. विमान लांब जाताना डावं म्हणजे डावं. पण तुमच्याकडे तोंड करून येताना तुमचं डावं त्याचं उजवं. दांडी उलटी दाबायची."

"अरे, दोन मागांच्या मध्ये उभं राहून मी आयुष्य काढलं. पुढचाही सांभाळला, पाठचाही. मला डावं-उजवं शिकवतोस?"

संध्याकाळी प्लॉटवर गल्ली जमली. बापूंनी खुर्ची मागवली. हेमंतने विमान डोक्यावर धरलं, मी रिमोटवर मोटर पूर्ण दिली आणि त्याने भिरकावलं.

विमान खाली गेलं. गवताला टेकतंय असं वाटलं. बायकांनी तोंडाला पदर लावला. आणि मग, माझी शप्पथ, ते वर उठलं! म्हशीसारखं उठलं, पण उठलं. पाण्याच्या टाकीपर्यंत गेलं, टाकीला वळसा घातला. पांढरंशुभ्र धोतर आभाळात! गल्लीतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी बापूंकडे बघितलं. बापू खुर्चीतून उठून उभे राहिले होते. माझ्यासाठी कोणी उठून उभं राहिलं, असं फार वर्षांनी झालं होतं. मी ते जरा जास्त वेळ बघत राहिलो.

"आबा, समोर बघा," हेमंत म्हणाला. "येतंय. उलटं. उलटं दाबा."

मी डावीकडे दाबलं. विमान उजवीकडे गेलं. मला राग आला, म्हणून आणखी जोरात डावीकडे दाबलं. ते आणखी उजवीकडे गेलं. उजवीकडे काय होतं? ज्योती ओरडली, "आबा, गाय!"

विमान गाईच्या पुढ्यात गवतात पोटावर बसलं. पंख निखळून बाजूला झाला, बाकी काही नाही. गाय दचकून दहा पावलं पळाली. मग थांबली. नाक वर केलं. गहू, मीठ, तेल! सकाळचीच चव, आणि या वेळी चांगली लांबरुंद वाढलेली. ती वळून शांतपणे आली आणि पंखाच्या टोकापासून जेवायला बसली.

मी रिमोट टाकून धावलो. तोपर्यंत धोतर सांगाड्यावरून सुटलं होतं. एक टोक गाईच्या तोंडात, दुसरं मी धरलं. मी ओढतोय, ती चघळतेय. आणि गल्ली बघतेय.

रबारी काठी घेऊन पळत आला. "काका, मारी गायने छोडो."

"आधी तिला सांग, माझं धोतर सोड."

बापू मागून शांतपणे म्हणाले, "आबा, अंगावरचं तरी सांभाळा. तिचं लक्ष आहे."

शेवटी कापड टर्रकन फाटलं. निम्मं माझ्याकडे आलं, निम्मं गाईने गिळलं. (गाईला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी पोळीला वेळेवर आली, उलट जरा आधीच.)

रात्री जेवणावर खटला उभा राहिला. बापू म्हणाले, "परत हातात आलं नाही. झोपाळा माझा." मी फाटकं धोतर ताटाशेजारी ठेवलं. "हे बघा. उडलं, फेरी मारली आणि हातात आलंय."

"निम्मं आलंय."

"मग तुम्ही निम्मे हरलात."

निकाल कोण देणार? सिंधूने कुरडईचं रिकामं पातेलं दोघांच्या मध्ये आणून ठेवलं आणि म्हणाली, "विमान निम्मं आलं ना? मग झोपाळाही निम्मा जाईल. पाट इथे, कड्या बारडोलीला. आणि आता दोघं गप जेवा."

मला वाटलं, बापू हसतील आणि सोडून देतील. बापूंना वाटलं असणार, मी हसेन आणि पूर्ण देईन. आम्ही दोघंही हसलो नाही. सकाळी मुराळी लेकीला आणि पितळी कड्यांना घेऊन गेले. आज माझा पाट पडवीत जमिनीवर आहे. मी त्यावर बसतो आणि तो हलत नाही. ज्योती सांगते, बारडोलीला कड्या छतापासून लोंबतायत, खाली काही नाही, आणि तिचे वडील जाता-येता त्यांना धक्का देतात.

गाय अजून रोज येते. पण पोळीकडे बघत नाही. माझ्या कमरेकडे बघते. एकदा गल्लीतून टाकीपर्यंत पाठोपाठ आली. तेव्हापासून मी धोतर सोडलं आणि हेमंतची जुनी पँट घालतो. या वयात ही काय फॅशन, असं लोक विचारतात. मी ताठ मानेने सांगतो, विमान चालवणारा माणूस धोतर नेसलेला तुम्ही कधी पाहिलाय का?