ताटातले आठ रॉकर

ताटात इंजिनचे आठ रॉकर होते. साबणानं घासून लख्ख केलेले, हळदीकुंकू वाहिलेले, वर झेंडूची फुलं. हर्सूलला सविताच्या घराच्या पोर्चमध्ये मी पान्यांची पेटी हातात घेऊन उभाच राहिलो.

"हे कुणी केलं?"

सवितानं नुसतं आपल्या सासूबाईंकडं बघितलं.

"म्या केलं," सासूबाई म्हणाल्या. "खंडेनवमी हाय आज. घरातलं लोखंड पुजायचं नाय व्हय?"

नाही कसं म्हणणार? चितेगावच्या कंपनीत माझी सगळी नोकरी इंजिनचे पार्ट तपासण्यात गेली. या दिवशी आमच्या मशीनलाही हार असायचा, आणि नारळ मी, हा शेख, स्वतः आणायचो. पण मशीन सुटं करून कुणी धूत नव्हतं!

सविता पाचोडला एका दवाखान्यात नर्स आहे. ड्युटी कधीही, बसचा भरवसा नाही. जुनी गाडी हाच आधार. ती बंद पडली तर नोकरी सोडायची, असं घरात जवळपास ठरलं होतं. इंजिनमधून टिकटिक यायची. गॅरेजवाल्यानं दोन रॉकर बदलून दिले, तर काही महिन्यांत टिकटिक पुन्हा हजर. शेवटी सवितानं व्हिडिओ बघून स्वतःच इंजिन खोललं, दोन नवे रॉकर आणले आणि बसवायला मला बोलावलं.

रॉकर म्हणजे साधा लोखंडी हात. इंजिनला हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला छोटी दारं असतात, ती व्हॉल्व्ह. कॅम नावाचा दांडा फिरतो, रॉकरला ढकलतो, रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. प्रत्येक रॉकर आपल्या जागी आपल्यापुरता घासलेला असतो. जागा बदलली की नव्यानं घासतो. म्हणून रांग मोडायची नसते.

"फोटो काढला होता?"

"रांगेत ठेवले होते ना चाचा, फोटो कशाला?"

दोन रॉकर खोल झिजलेले होते, ते डोळ्यांनाही दिसत होतं. बाकीच्यांच्या घासल्याच्या खुणा कॅमवरच्या पट्ट्यांशी जुळवता आल्या असत्या. मला वेगळंच छळत होतं. तेल तेच, इंजिन तेच, मग दोनच का झिजतात? आणि नवे घातले तरी दोनच का? धुण्यात तेलाचा गाळही गेला होता, म्हणजे माग काढायची खूणच गेली. विचारायचं कुणाला?

सगळे रॉकर ज्या पोकळ नळीवर बसतात, ती पाटावर आडवी होती. तिच्या भोकांमधून प्रत्येक रॉकरला तेल मिळतं. त्या भोकांत उदबत्त्या खोचल्या होत्या. मी नळीला हात घातला.

"थांबा भाऊ, उदबत्ती इझू द्या," सासूबाई म्हणाल्या. "समद्या भोकांत लावली. ह्या कडच्या दोन भोकांत काय केल्या बसंना."

मी खालीच बसलो.

"कुठल्या दोन?"

त्यांनी बोट ठेवलं. मी तिथं बारीक तार घातली, ती अडली. नळीचं टोक खोलून आतून तार फिरवली, तर काळं, कडक झालेलं तेल डांबरासारखं बाहेर आलं. ते दोन रॉकर कोरडेच घासत होते. नवे घातले असते तर तेही गेले असते. मला इतका आनंद झाला की सविता घाबरली.

"काय झालं चाचा?"

"सापडलं!"

कॅमवरून नख फिरवलं, तो शाबूत होता. टोकाला दोन नवे रॉकर, बाकीचे खुणा जुळवून. टॅपेट सेटिंग केलं, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट नेमकी ठेवली. तेल बदललं आणि सवितानं चावी फिरवली.

टिकटिक आलीच.

तिचा चेहरा उतरला. "बंद करू?"

"थांब. तेल वर चढू दे."

थोड्या वेळानं आवाज विरत गेला, आणि थांबला. सवितानं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि ती रडली.

गाडी आजही पाचोडला जाते. मी शिकलो ते एवढंच: पार्ट का झिजला हे कळेपर्यंत नवा पार्ट खोक्यातून काढू नये. सासूबाई मात्र गल्लीभर सांगतात, गाडी पूजेनं नीट झाली. मी वाद घालत नाही. निम्मं तर खरंच आहे.