हिरव्या रंगाखालचा नंबर

खरं तर मी जयपूरला निघाले होते ते एका जीपला निरोप द्यायला. माझे काका फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि तिथेच खातीपुऱ्यात राहिले. आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर काका-काकूंनी साताऱ्याला परतायचं ठरवलं. भांडी येणार, तुळस येणार, पण लष्कराच्या लिलावातून घेतलेली पेट्रोल जीप येणार नव्हती. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर इंजिनाचा नंबर कागदांशी जुळावा लागतो, आणि तो जुळत नव्हता. शुक्रवारी भंगारवाला येणार होता.

मी बुधवारी पोहोचले. पुण्याहून रेल्वेने जाणार असाल तर डबा घरूनच न्या आणि जानेवारीत दोन स्वेटर ठेवा. थंडी कोरडी असते, पण हाडात शिरते. स्टेशनबाहेर गरम कचोरी खाल्ली, वर कुल्हडातला चहा घेतला आणि रिक्षा केली. भाडं आधी ठरवलं नाही, म्हणून चांगली कापली गेले.

काकूचा चेहरा उतरलेला होता. ती गाडी चालवायला शिकली ती याच जीपवर. बाजारहाट, मुलांची शाळा, काकांना ताप भरला तेव्हाचं हॉस्पिटल, सगळं तिनेच या जीपमधून केलं. "मला गाड्यांतलं काही कळत नाही गं, मतलब, मला हीच एक गाडी कळते," ती म्हणाली. काका मात्र चिडलेले होते. वर्षानुवर्षं जीप सांभाळणाऱ्या नूर मिस्त्रींनीच कधीतरी इंजिन बदललं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. महिनाभर त्यांच्याशी बोलणं बंद.

गुरुवारी सकाळी मी बॉनेट उघडलं आणि पाहतच राहिले. काकांना दर वर्षी, तपासणीला साहेब येणार असल्यासारखी, सगळ्या वस्तूंना रंग द्यायची सवय. कुंड्या, फाटक, पाण्याची टाकी आणि इंजिनसुद्धा! हिरव्या रंगाचे इतके थर की नटांचे कोपरेही गोल झालेले. एका बाजूला आकडे मात्र ठळक उठून दिसत होते. मी ते कागदाशी ताडून पाहिले. एकही जुळेना. रंगाखाली आणखी काही असेल म्हणून मी काकांच्या पेटीतला सँडपेपर काढला.

"रेगमाल मत चलाइए, बिटिया," मागून आवाज आला. काकूने नवऱ्याला न विचारता नूर मिस्त्रींना बोलावलं होतं. काका खुर्चीवरून उठले नाहीत. मिस्त्रींनीही त्यांच्याकडे न बघता बाह्या सरसावल्या.

या माणसाला काम करताना बघण्यासाठी मी पुन्हा जयपूरला जाईन. आधी त्यांनी चाकांमागे विटा लावल्या. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. इंजिनावर पालथा हात धरून ते गार असल्याची खात्री केली, पेट्रोल कुठे ठिबकतंय का ते पाहिलं आणि शेजाऱ्याला विडी विझवायला लावली. मला हातमोजे घालायला दिले. घासलं तर जुन्या रंगाची विषारी धूळ छातीत जाते, आणि नंबर झिजला तर तो खोडल्याचा आळ आपल्यावरच येतो, असं त्यांनी समजावलं. मला वाटलं होतं, आता साखळी लावून इंजिन बाहेर काढणार. ते हसले. जे जागेवर दिसतं त्यासाठी एवढं वजन कशाला लटकवायचं, असा त्यांचा सवाल होता.

त्यांनी बोटाने चाचपून दुसरीकडची एक सपाट जागा शोधली, तिथे रंग उतरवायचं औषध लावलं आणि आम्ही चहा घेतला. मग लाकडी पट्टीने रंग अलगद सोलला. चिंधीने पुसल्यावर धातूत खोल ठोकलेले आकडे एकेक करून वर आले.

"उभरा हुआ नंबर साँचे का होता है, सूबेदार साहब," मिस्त्री महिन्याभराने प्रथमच काकांशी बोलले. "ठुका हुआ इंजन का अपना होता है."

साच्याचा तो नंबर तसल्या कित्येक इंजिनांवर असतो. इंजिनाचा स्वतःचा नंबर काकांच्याच रंगाने बुजवून टाकला होता. मी कागद वाचत गेले, काकू आकड्यांवर बोट ठेवत गेली. शेवटचा आकडा जुळला तेव्हा तिने तिथेच पदर डोळ्यांना लावला.

काका उठून जवळ आले. बराच वेळ वाकून बघत राहिले. "नूरभाई, मैंने आप पर शक किया," ते म्हणाले. मिस्त्रींनी खिशातून पेन्सिल काढून त्यांच्या हातात दिली. नंबरवर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवायची आणि तो छाप गाडी दुसऱ्या राज्यात नेण्याच्या अर्जाला जोडायचा, अशी पद्धत आहे. कागद मिस्त्रींनी धरला, छाप काकांनी काढला. भंगारवाल्याला काकूने स्वतः फोन केला, आणि तिच्या आवाजातला तोरा ऐकण्यासारखा होता.

शुक्रवारी काकूने मला जीपमधून मालवीय नगरच्या बाजारात नेलं. रजया घ्यायच्या तर तिथे घ्या, पण घासाघीस करा. खरं सांगते, मी किल्ले पाहिलेच नाहीत आणि मला त्याची जराही खंत नाही.

मागच्या आठवड्यात जीप ट्रकवर चढून साताऱ्याला आली. काकांनी पहिल्याच दिवशी नव्या घराचं फाटक हिरवं केलं. मी मुद्दाम बॉनेट उघडून पाहिलं. इंजिनालाही ताजा हात दिलेला होता. फक्त त्या नंबरभोवतीचा तळहाताएवढा धातू उघडा ठेवून, गंजू नये म्हणून त्यावर तेलाचं बोट फिरवलेलं होतं. काकांनी रंग न देता सोडलेली एवढी एकच जागा मी आजवर पाहिली आहे.