दोरीवाले आबा

दुखलं की आबा हसायचे. मला त्या हसण्याचा फार राग यायचा. आखडलेला खांदा कुठवर न्यायचा हे पेशंटच्या चेहऱ्यावरून कळतं, आणि हा गृहस्थ ऐन कळ आली की लग्नाला आल्यासारखा तोंडभर हसणार. दुखतंय का विचारावं, तर म्हणायचे, "दुखतंय की. तुम्ही करा तुमचं काम." आता आबा दौंडला लेकीकडे असतात, आणि माझ्याकडे कळ आली की लोक रीतसर ओरडतात.

शिरूरला माझं फिजिओथेरपीचं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे. शिक्रापूरकडून कंबर धरून आलेले ट्रक ड्रायव्हर, गुडघे चोळत बसलेल्या बाया, कंपनीत दिवसभर उभं राहून मान धरलेली पोरं. सगळ्यांना मशीन हवं. करंट लावा मॅडम, की झालं. व्यायाम सांगितला की चेहरे पडतात. संध्याकाळपर्यंत माझीच कंबर जाते, ती दाखवायची कुणाला? आबा मात्र मशीनकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. थेट कोपऱ्यात जायचे. तिथे वर एक कप्पी आहे आणि तिच्यावरून दोरी सोडलेली. चांगल्या हाताने एक टोक खाली ओढायचं, म्हणजे दुसरं टोक धरलेला दुखरा हात आपोआप वर जातो. तिथेच ठाण मांडून असायचे, म्हणून ते दोरीवाले आबा.

दोरीशी त्यांचं नातं जुनंच. मिशनच्या चर्चची घंटा आधी त्यांचे वडील वाजवायचे, मग आबा. रविवारी उपासनेला जोरात, कुणी वारलं तर सावकाश. घंटा अवजड; दोन्ही हात डोक्यावर नेऊन दोरी ओढावी लागते. शुगरमुळे त्यांचा उजवा खांदा असा आखडला की शर्टाची बाही चढेना. मंडळीच्या कमिटीने ठरवलं, नाताळापर्यंत वाट बघू, नाही जमलं तर कर्ण्यावर घंटेची रेकॉर्ड लावू. आबांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं, "मॅडम, भांग न्हाई पाडता आला तरी चालंल. नाताळाला घंटा माझ्या हातनं वाजली पायजे." मी म्हटलं, असा खांदा सुटायला वर्षसुद्धा लागतं, घाई करू नका. त्यांनी मान डोलावली आणि विषय बदलला.

दिवाळी झाली आणि एका सकाळी आबा हात पोटाशी धरून आले. खांद्याला बोट लावू देईनात. खोदून विचारलं तेव्हा कळलं. घरी दोरी बांधून हळूहळू करा, असं मी सांगितलं होतं. ह्यांनी आवाज होऊ नये म्हणून घंटेच्या लोलकाला पोतं गुंडाळलं आणि रोज दुपारी खऱ्या घंटेवरच सराव चालवला. तिने झोका घेतला की दोरीबरोबर हातही हिसक्याने वर. मी भडकलेच. उद्यापासून येऊ नका, माझं डोकं फिरवू नका, असं सगळ्यांदेखत सुनावलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी दारात हजर. "सलाम, मॅडम. चुकलं," म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

नाताळ आला तेव्हा हात जेमतेम खांद्याइतका वर जात होता. कमिटीने कर्णा लावला. पोरं लोंबकळतात म्हणून घंटेची दोरीही काढून ठेवली. मला फार वाईट वाटलं, रागही आला, पण तो काढायचा कुणावर? कमिटीतली माणसं काही वाईट नव्हती. खांदा तर आपल्या वेळेनेच सुटतो, त्याला ना नाताळ कळतो ना दिवाळी. वाटलं, आता आबा कशाला येतायत. सोमवारी आले.

उन्हाळ्यात हात सुटला. एके दिवशी कानाला लागून सरळ वर गेला. एरवी असं झालं की मी टाळ्या वाजवते, पेढे मागते. त्या दिवशी आबा त्या वर गेलेल्या हाताकडे बघत राहिले. "गेला की," एवढंच म्हणाले. माझ्या हातून टाळी वाजली नाही.

त्यानंतरही ते येतच राहिले. तपासायचं काही उरलं नव्हतं. कोपऱ्यात जायचे आणि दोन्ही हात आळीपाळीने डोक्यावर नेत संथ ठेक्यात दोरी ओढत बसायचे. मशीनच्या रांगेतले कुरकुरायचे, ह्यांचं झालं ना एकदाचं? मी ऐकू न आल्यासारखं करायचे.

मग एकदा दौंडहून त्यांची लेक आली. भली बाई. एकटे राहतात, जेवणाची आबाळ होते, हाताचं उरकलं की घेऊन जाते म्हणाली. "मॅडम, ट्रीटमेंट संपली ना आता?"

कप्पीची कुरकुर थांबली. आबांनी दोरी सोडली नव्हती.

"नाही," मी म्हटलं, "अजून थोडा आखडलेला आहे."

लेकीने वडिलांकडे पाहिलं. आबांनी ताठ वर गेलेला उजवा हात सावकाश खाली घेतला.

"व्हय," ते म्हणाले. "मलाबी तसंच वाटतंय."